सांगितलं तसं लिहिलं

लोक म्हणतात माझे केस पांढरे झाले. म्हणत असतील. मी काही पाहिलेले नाहीत, आणि जे आपण पाहिलं नाही त्यावर एकाच माणसाच्या सांगण्यावरून विश्वास ठेवायचा नाही, हा माझा लहानपणापासूनचा नेम. दोघांनी वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न विचारता सांगितलं तर विचार करतो. केसांच्या बाबतीत न्हावी आणि बायको असे दोन साक्षीदार झाले आहेत, तेव्हा पन्नाशीच्या तोंडाशी आपण पिकलो असं धरून चालायला हरकत नाही. सहाव्या वर्षी गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. त्यानंतर महिनाभरातच गल्लीतल्या पोरांनी शेंगदाणे म्हणून माझ्या हातावर बकरीच्या लेंड्या ठेवल्या, आणि मी त्यातली एक तोंडात टाकली. संशय हा माझा स्वभाव आहे असं घरचे म्हणतात. मला विचाराल तर ते त्या दिवशी आलेलं शहाणपण आहे.

आमचं गाव चिखलीपासून जीपने अर्ध्या तासावर. बाबा आणि दादा वांगी, मेथी आणि सांभार लावायचे. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. पहाटे जुड्या बांधायचं काम माझ्याकडे होतं, कारण त्याला डोळे लागत नाहीत आणि माझी जुडी कधी लहानमोठी व्हायची नाही. आमचा दिवस मला आवाजांनी कळायचा. लाईट आली की एकामागोमाग एक विहिरींवरच्या मोटरी सुरू व्हायच्या आणि कोणाची मोटर कोणती हे मी घरात बसून सांगायचो. मग आईचा पाटा, मग भाकरीची थापथूप. आमच्या घरी कळण्याची भाकर जास्त, ज्वारीत उडीद घालून दळलेली, आणि तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा. आईने सगळे डबे माझ्यासाठी ठरलेल्या जागी लावले होते, मीठ डावीकडून दुसरं. डबा वीतभर जरी सरकला तरी मला कळायचं की स्वयंपाकघरात कोणीतरी परकं येऊन गेलं.

परकं माणूस आलं ते दादाच्या लग्नानंतर. वहिनी रोहिणखेडकडची, दहावी पास. पुढे शिकायचं होतं, पण तिच्या वडिलांनी लग्न लावून दिलं. माझ्याच वयाची होती. मी तेव्हा अंधशाळेतली दहावी आणि चिखलीतली बारावी उरकून बीएच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं. लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी मी ओसरीवर बसलेलो असताना ती चहाचा कप घेऊन आली आणि माझ्यासमोर हातभर अंतरावर गुपचूप उभी राहिली. बोलेना, हलेना. मला खरंच दिसत नाही की नाही, हे बघत होती. नव्या बांगड्यांचा आवाज तिने दाबून धरला होता, पण चहाचा वास कसा दाबणार? मी म्हणालो, "वहिनी, चहा निवून राह्यला." ती इतकी दचकली की अर्धा चहा माझ्या पायावर. ती हसली, मीही हसलो, पण मनात नोंद करून ठेवली की ही बाई माणसाची परीक्षा घेते.

तरीही माझं वर्ष तिच्यावरच उभं राहिलं. ब्रेलमध्ये बीएची पुस्तकं नव्हती. कॉलेजात वर्गात बसून जेवढं कानात शिरेल तेवढंच. तेव्हा वहिनीने आपणहून विचारलं, "भाऊजी, मी वाचून दाखवू का?" दुपारी निवडण-टिपण झालं की ती चुलीपुढे पुस्तक घेऊन बसायची. राज्यशास्त्राच्या धड्यांना अजून माझ्या डोक्यात फोडणीचा वास आहे. तिचं वाचन घाईचं नव्हतं. एखादा भाग तिला आवडला की ती न सांगता पुन्हा वाचायची. आईला ते खटकायचं. "हिले काऊन येवढी हौस?" असं ती बाबांना हळू आवाजात विचारायची, आणि हळू आवाजातलं मलाच आधी ऐकू यायचं. मलाही तोच प्रश्न पडे. म्हणून मी तिने वाचलेला धडा पुन्हा एकदा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचो. गावातच एसटी स्टँडजवळ सलीमभाई टेलरचं दुकान होतं. "जरा बसतो" असं घरी सांगून जायचो आणि पिशवीतलं पुस्तक त्याच्यापुढे ठेवायचो. कात्री बाजूला ठेवून तो वाचायचा आणि म्हणायचा, "अरे भाई, वही तो लिखा हाये जो तुले पाठ हाये. फिर काऊन वाचून घेते?" मी पुस्तक पिशवीत घालायचो. ही गोष्ट घरी कोणाला माहीत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा बाबा, वहिनी आणि मी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. अपंगांसाठी कायदा झाला होता आणि विद्यापीठाचं परिपत्रकही निघालं होतं. अंधशाळेतल्या माझ्या जुन्या सरांनी त्याची प्रत पोस्टाने पाठवली होती. तिथला बाबू म्हणाला, असा काही कागद आमच्याकडे आलेला नाही. वहिनीने पिशवीतून आमची प्रत काढून त्याला वाचून दाखवली: अंध परीक्षार्थ्याला तळमजल्यावर वेगळी खोली, अर्धा तास जादा वेळ आणि लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा माणूस, हे सगळं महाविद्यालयाने पुरवायचं. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा कमी असावं आणि त्याने सांगितलं तसंच लिहावं. बाबूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जबाबदारी कॉलेजची आहे, बरोबर. पण कॉलेज म्हणजे कोण? मी तर नाही. प्राचार्य बाहेरगावी आहेत."

शेवटी त्याने तोडगा काढला. लेखनिक तुम्हीच आणा, ही सूनबाई दहावी पास आहे तर तीच चालेल, फक्त या हमीपत्रावर सही करा. "वाचायची गरज नाही, सगळेच करतात." हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो, अजूनही. वहिनीने कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. मला जादा वेळेची गरज नाही, कॉलेजच्या लेखनिकाची गरज नाही आणि परीक्षेत गैरप्रकार आढळल्यास पूर्ण जबाबदारी माझी व माझ्या लेखनिकाची राहील. बाबा म्हणाले, "हे तं सारं उलटंच लिहेल हाये!" बरीच हुज्जत झाली. जादा वेळेची ओळ बाबूने खोडली. बाकीच्या दोन ओळी राहिल्या, कारण हॉलतिकीट त्याच्या टेबलाच्या खणात होतं. मी सही केली. आणि खरं सांगतो, त्या बाबूपेक्षा जास्त मी वहिनीचा विचार करत होतो. तिने वाचलेल्या ओळी तीन. तिने गाळलेल्या किती? संध्याकाळी हमीपत्राची झेरॉक्स सलीमभाईपुढे ठेवली. तीनच ओळी होत्या.

मी आता स्वतः कॉलेजात इतिहास शिकवतो. नवा कायदा आला, जुन्यापेक्षा जाडजूड आहे, त्यात विद्यापीठांनी काय काय करायचं ते कलमवार लिहिलं आहे. मागे एका कॉलेजात तपासणीला गेलो तेव्हा अपंग विद्यार्थ्यांच्या कक्षाचं दार मी हाताने चाचपून उघडलं, तर आत झेरॉक्सचं मशीन चालू होतं. ते हमीपत्रही अजून जिवंत आहे, फक्त आता संगणकावर टाइप केलेलं असतं. पोरं विचारतात, सर, सही करू का? मी म्हणतो, दोन माणसांकडून वाचून घे.

पहिला पेपर मराठीचा झाला. आम्हाला दिलेली खोली म्हणजे खेळाच्या सामानाची कोठी. चामड्याच्या चेंडूंचा आणि मैदान आखायच्या चुन्याचा वास, खिडकी नाही म्हणून दार उघडं. पर्यवेक्षक सर दारात खुर्ची टाकून बसले. वहिनी प्रश्न वाचायची, मी उत्तर सांगायचो, ती लिहायची. अर्ध्या तासाने माझे कान टवकारले. मी एक वाक्य सांगून थांबलो की तिचं पेन माझ्या वाक्यापुरतं चालायचं आणि मग आणखी थोडं चालायचं. लांब, सरळ, सर्रकन. माझ्या शब्दांत तेवढी शाई नव्हती. म्हणजे ही भर घालतेय. वर्षभर वाचून तिला सगळं पाठ होतं, माझ्यापेक्षा जास्त. पकडली गेली तर कॉपी केस होणार, सही केलेलं हमीपत्र बाबूकडे, मी दोन-तीन वर्षं परीक्षेतून बाद आणि नव्या सुनेचं नाव साऱ्या तालुक्यात. पण खरी गोष्ट याहून कोती होती, ती आज लिहून टाकतो: माझ्या गुणांत मला दुसऱ्या कोणाचा वाटा नको होता. सगळं आयुष्य लोकांच्या हाताला धरून चाललो. हे एवढं तरी माझं एकट्याचं असावं.

तिला सरळ विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि ते नाही खरं कशावरून? मी सापळा लावायचं ठरवलं. दुसरा पेपर राज्यशास्त्राचा होता आणि राज्यसभेवर प्रश्न आलाच. राज्यसभेच्या सदस्याची मुदत सहा वर्षं, हे वहिनीने चुलीपुढे मला चारदा वाचून दाखवलं होतं. मी सांगितलं, "राज्यसभेच्या सदस्याची मुदत पाच वर्षे असते." तिचं पेन थांबलं. बाहेर मैदानात कोणाची तरी सायकल पडल्याचा आवाज आला, तोवर ते थांबूनच होतं. मग ते चाललं. पाच लिहिलं की सहा, ते आवाजावरून कळत नाही. शेवटी सगळं वाचून घ्यायचं, तिने सहा वाचलं तर चोरी पकडली, पाच वाचलं तर दुरुस्त करून सहा करायचं, असा माझा बेत.

तो शेवट आलाच नाही. दारातली खुर्ची करकरली, पर्यवेक्षक सर घाईने उठले आणि बूट वाजवत भरारी पथक आत आलं. वहिनी तेव्हा मला पुढचा प्रश्न वाचून दाखवत होती. पथकाच्या साहेबांनी तिच्या हातातली उत्तरपत्रिका ओढली. "बाईच बोलतेय, बाईच लिहितेय. हा नुसता बसलाय. कोण लागते ही तुझी?" मी म्हणालो, वहिनी. "वा! घरातच मास्तरीण. आणि पेपर बघा, मथळ्याखाली रेघा, समासात आकडे. हे आंधळ्याचं काम आहे?" मी म्हणालो, लिहिणारी आंधळी नाही साहेब. ते त्यांना आवडलं नाही. कॉपी केसचा फॉर्म मागवला गेला.    बचावाला माझ्याजवळ एकच गोष्ट होती, आणि ती बाहेर काढली की वहिनीला कळणार होती.

मी म्हणालो, "साहेब, राज्यसभेचं उत्तर पाहा. सदस्याची मुदत किती वर्षं लिहिली आहे?" कागद उलटल्याचा आवाज झाला. "पाच. चूक आहे ते." मी म्हणालो, "मी मुद्दाम चूक सांगितली. ही स्वतःचं लिहिते की माझं, ते पाहायला. आता तिला विचारा." साहेबांनी विचारलं, "बाई, राज्यसभेच्या सदस्याची मुदत किती?" वहिनीने आधी पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "सहा वर्षं. दर दोन वर्षायनं एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात." साहेब म्हणाले, "मग पाच का लिहिलंत?" ती म्हणाली, "त्यायनं पाच सांगतलं. मले त्यायचं लिहायचं होतं, माहं नाई."

 मग साहेबांनी फॉर्म परत दिला आणि त्या ओळीशेजारी सही केली, लाल शाईने, असं पर्यवेक्षक सरांनी मला नंतर सांगितलं. "या ओळीला आता हात लावायचा नाही," असं बजावून ते गेले. जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "हुशार आहेस." आयुष्यात इतकी घाण वाटलेली दुसरी शाबासकी मला आठवत नाही. पथकामुळे गेलेली वीस मिनिटं कोणी भरून दिली नाहीत. ती हक्काने मागायची असतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी..." ती म्हणाली, "पुढं सांगा. टाइम जाऊन राह्यला." पाचाचे सहा करायचा प्रश्नच उरला नव्हता. माझी चूक सहीशिक्क्यानिशी कायम झाली.

 घरी येऊन तिने स्वयंपाक केला. एरवी ती ताट ठेवताना सांगायची, ठेचा उजव्या हाताले, भाजी समोर. त्या दिवशी ताट नुसतं ठेवलं. माझा पहिलाच घास अर्धा ठेच्याचा होता. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असतानाच मी म्हणालो, "वहिनी, माहं चुकलं." ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं? तुमी पाहून घेतलं." जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "रेघा मारत होती मी. मथळ्याखाली. पेपर साफ दिसला तं मास्तर मार्क देते, म्हणून." तो लांब, सरळ, सर्रकन आवाज. मी मान खाली घातली. पण तिचं संपलं नव्हतं. "वर्षभर मी तुमाले वाचून दाखवलं भाऊजी. त्याच्यातलं काय काय खोटं वाटलं तुमाले?"  सगळंच, असं म्हणायला हवं होतं. मी पाण्याचा तांब्या शोधत राहिलो, आणि तो तिने माझ्या हाताजवळ सरकवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही अशी माझी खात्री होती. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा ती आधीच आत बसलेली होती. उरलेले सगळे पेपर तिने लिहिले. प्रत्येक पेपराच्या शेवटी, मी न सांगता, ती पहिल्या ओळीपासून सगळं मला वाचून दाखवायची. आम्ही भांडून मिळवलेला तो जादा अर्धा तास ती रोज त्यातच घालवायची. एक शब्द इकडचा तिकडे नसायचा. नको वहिनी, राहू द्या, म्हणालो तर म्हणायची, "आयका. मागून मनात काई राहाले नको."

निकालाच्या दिवशी दादा गुणपत्रिका घेऊन आला आणि वहिनीच्या हातात दिली. ओट्यावर सगळे जमले. तिने एकेक विषय मोठ्याने वाचला. राज्यशास्त्राला ती किंचित थांबली. "पंचावन्न." मग एकूण बेरीज वाचली, आणि पास. आईने गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. मी मनात बेरीज करून पाहिली, जुळली. मग गुणपत्रिका खिशात घातली आणि म्हणालो, जरा स्टँडवर जाऊन येतो, दाढी करायची आहे. वहिनी म्हणाली, "जा. सावकाश या."

शरमेने कान तापले होते, तरी पाय टेलरच्या दुकानाकडेच गेले. सलीमभाईने वाचलं. सगळं तसंच. "पॉलिटिकल में छप्पन." मी म्हणालो, नीट पाहा. "अरे छप्पन हाये, पाच के बाजू में छे." आणि एकूण? तीही वहिनीने सांगितल्यापेक्षा एकाने जास्त. मी दुकानातल्या बाकावर बसून पुन्हा बेरीज केली. नुसती वाचण्यात चूक झाली असती तर बेरीज बरोबर आली असती. तिने बेरजेतूनही एक काढला होता, माझ्यासारख्या माणसाला शंका येऊ नये म्हणून. म्हणजे हा तिने लावलेला सापळा होता, आणि तिला सलीमभाई माहीत होता. कधीपासून, कोण जाणे. बहुतेक पहिल्या धड्यापासून.

दाढी न करताच घरी आलो. वहिनी भाकरी थापत होती. तिने पाठमोरंच विचारलं, "भाऊजी, राज्यशास्त्रात किती पडले हो तुमाले?"

मी म्हणालो, "पंचावन्न."

भाकरीवरचा हात थांबला. मग थापथूप पुन्हा सुरू झाली. माझ्यापुढे ताट आलं आणि ती म्हणाली, "ठेचा उजव्या हाताले."

नोकरीच्या अर्जात मी छप्पन लिहिलं, तिथे खोटं चालत नाही. घरात मात्र आजही दिवाळीला सगळे जमले की वहिनी नातवंडांदेखत मला तोच प्रश्न विचारते. मी तेच उत्तर देतो, तिने सांगितलं तसं.